सायलेन्सरवर रोलर फिरवा, पण हातानं बांधलेली गाडी एकदा बघा तरी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एक फोटो आला होता, रस्त्यावर सायलेन्सर ओळीनं मांडून ठेवलेत आणि वरून रोलर चाललाय. खोटं कशाला सांगू, फोटो बघून बरं वाटलं. आमच्या गल्लीतनं पण रात्री अकराला दोन पोरं फटाके वाजवत जातात आणि शेजारच्या म्हातारीची झोप उडाली की ती पहाटेपर्यंत आमच्या कट्ट्यावर येऊन बसते. पण खाली बातमीत "मॉडिफाय गाड्यांचं फॅड" म्हणून जे लिहिलंय ना, त्यात तुम्ही आम्हाला सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं, तेवढं खटकलं म्हणून हे पत्र. मी बत्तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर काढली, आता घरीच असतो, आणि गेली दोन वर्षं घरच्या पडवीत एक बुलेट बांधली. सायलेन्सर कंपनीचाच आहे, आत जाळी सकट.

पहिलं ते फटाक्याचं सांगतो, कारण पोरांना वाटतंय की आवाज म्हणजे पॉवर. ॲक्सिलरेटर पिळलेला ठेवून चावी बंद करायची, मग करंट नाही पण पेट्रोल मात्र चालूच, ते न जळता तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन साठतंय, परत चावी चालू केली की तिथंच भडका उडून ढाम. म्हणजे जे पेट्रोल इंजिनात जळून गाडी ओढायची ते पाईपात जळालं. यात पॉवर कुठाय? यामाहा आरएक्स शंभरवाल्यांचं तर त्याहून गमतीचं, टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतोय, आतली धुराची लाट परत फिरून बाहेर निघालेलं ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये ढकलते, तो कापला की गाडी ओरडते जास्त आणि पळते कमी. त्या सायलेन्सरवर खुशाल रोलर फिरवा.

आता माझ्या गाडीचं. १९९२ चं मॉडेल, तीनशे पन्नास, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. माझ्या मेव्हण्याची होती, चंदगड तालुक्यात त्यांच्या गोठ्यात दहाबारा वर्षं उसाच्या पाल्याखाली पडून होती, कोंबड्या सीटवर अंडी घालायच्या. मेव्हणा म्हणाला भंगारवाला घेऊन जातोय, तुला हवी तर तू ने. टेम्पोत घालून आणली. घरातली म्हणाली, "जन्मभर कंपनीत लोखंड घासलासा, आता घरात पण तेच आणलासा काय?" मी म्हटलं तिथलं मालकाचं होतं, हे आपलं हाय.

भाचा माझा आयटीआय झालेला, तो लागला मागं. त्याला बॉबर करायची होती. मोबाईलवर रोज एक फोटो दाखवायचा, मागचा भाग कापलेला, सीट खाली बसवलेली, पुढचे फोर्क, म्हणजे चाक धरणारे दांडे, हातभर लांब. फोर्कचं मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. त्याला दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक दाखवलं, की बाबा हे चाक सरळ का चालतंय, तर त्याचा खिळा पुढं आणि चाक जमिनीला टेकतं ते मागं, त्या दोघातलं अंतर आहे म्हणून. मोटारसायकलला पण तेच, हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीपर्यंत ओढली तर ती टायर टेकतो त्याच्या पुढं पडते, ह्याला ट्रेल म्हणतात. नुसते फोर्क लांब केले की पुढचा भाग उचलला जातो, ट्रेल वाढतं, हायवेला गाडी रेल्वेसारखी सरळ पळते पण खडे बाजारात गर्दीत वळवायची म्हटलं की हँडल आपोआप एका बाजूला पडतंय. ते त्याला पटलं. मागचा भाग कापायचं मात्र त्यानं सोडलं नाही, ते पुढं येतंय.

गाडी खोलताना पहिल्याच संध्याकाळी कळलं की घरातले निम्मे पान्हे कामाचे नाहीत. जुन्या बुलेटला आटे सगळे इंची, जुन्या इंग्रजी पद्धतीचे, काही बीएसएफ, काही व्हिटवर्थ, आणि बरेचसे सायकल थ्रेड म्हणजे इंचाला २६ आटे. ह्या सायकल थ्रेडचा कोन साठ अंशाचा आणि व्हिटवर्थचा पंचावन्नचा, दिसायला सारखे पण एकमेकात बसत नाहीत. मिलिमीटरचा पान्हा लावून जोर केला की नटाचा लाडू झालाच. हे सायकलचे आटे बुलेटमध्ये कुठनं आले, तर एनफिल्ड मुळात इंग्लंडात रेडिचला सायकली करणारी कंपनी, १९५५ पासून मद्रासला बुलेट जोडायला लागले पण आटे तेच राहिले. मला ह्याची लई मजा वाटली कारण आपल्या बेळगावात पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला सायकलीच्या दुकानापासनंच सुरुवात केली, मग लोखंडी नांगर, कडबा कापायचं मशीन, आणि १९१० ला इथनं उठून किर्लोस्करवाडीला गेले. त्यांच्या नावाच्या रोडवरनं आपण रोज जातो. त्या माणसाला त्यावेळी कोण म्हटलं असतं की तू नुसती सायकल विक, खोलून बघू नको, तर? असो. २६ चे आटे पाडायला मी स्वतः लेथवर बसलो, दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये, रविवारी, तीन वर्षांनी मशीनला हात लावला तर हात थरथरत होता, पहिले दोन स्टड भंगारात गेले.

इंजिनाचं काम म्हणजे खरा आनंद. बोअर सत्तर, स्ट्रोक नव्वद, हिशोब केला की ३४६ सीसी येतंय. सिलिंडर झिजून खाली-वर वेगवेगळं माप देत होतं, तेव्हा बोर मारून वीस थाव मोठा पिस्टन घातला (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग). कनेक्टिंग रॉडचा बुश पार गेलेला. क्रँक प्रेसमध्ये दाबून वेगळा केला, नवीन पिन आणि बुश घातला आणि परत दाबून जोडल्यावर दोन सेंटरमध्ये धरून डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावला, काटा नाचायला लागला. तांब्याच्या हातोडीनं एक टोला, परत डायल, परत टोला, दुपारचं जेवण राहिलं, संध्याकाळी चारला काटा दोन थावच्या आत आला. ज्यानं हे कधी केलं नाही त्याला मी काय सांगू, देवळात गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं शांत वाटतंय. न्यूझीलंडचा एक बर्ट मन्रो म्हणून म्हातारा होता, १९२० सालच्या गाडीला घरच्या शेडमध्ये जुन्या डब्यात पिस्टन ओतून घालायचा आणि १९६७ साली अमेरिकेत मिठाच्या मैदानावर जाऊन वेगाचं रेकॉर्ड केलं, वय अडुसष्ट. गाडी अमेरिकन पण कंपनीचं नाव 'इंडियन'. आपल्याकडं तर घरटी एक मोल्डर आहे, फाउंड्रीत आयुष्य गेलेले, पण कुणाला म्हटलं की पिस्टन ओतूया तर म्हणतात वेळ कुणाला हाय.

टाकीचं थोडक्यात सांगतो, कारण शेजाऱ्यांनी त्याचे व्हिडिओ काढलेत. आत गंजाचा थर. बारीक खडी आणि सोड्याचं पाणी घातलं, टाकी वाकळंत गुंडाळली, ट्रॅक्टरचं मागचं चाक जॅकवर उचलून त्याला दोरीनं बांधली आणि दोन तास हळू फिरवली. आतनं चकचकीत. वाकळ मात्र फाटली आणि त्याचं बोलणं मी अजून ऐकतोय. एक गोष्ट मात्र पोरांनो लक्षात ठेवा, टाकीला भोक असेल तर रिकामी आहे म्हणून वेल्डिंगला लावू नका. वर्षभर कोरडी पडलेल्या टाकीत पण पेट्रोलची वाफ असती आणि ती पेटली की टाकी नाही, बॉम्ब असतोय. सोड्याच्या पाण्यानं दोनतीनदा धुवायची, मग वेल्ड करायचंय तेवढी जागा सोडून पाण्यानं भरायची, आणि जमत नसेल तर रेडिएटरवाल्याकडं द्यायची.

आता चूक सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा फुशारकी मारतोय. मी चार दिवस पुण्याला लेकीकडं गेलो होतो, तेवढ्यात भाच्यानं ग्राइंडर घेतला आणि मागची फ्रेम सहा इंच कापली, वाकवलेला पाईप आणून आर्कनं जोडला. परत आलो तेव्हा रंग मारायची तयारी चाललेली. दिसायला झकास होती, मी पण भुललो, बोललो नाही काही. इंजिन बसवून आठ दिवस शेताच्या वाटेनं फिरवली. एक दिवस पुसताना जोडाच्या कडेला केसासारखी तांबडी रेघ दिसली, वाटलं चिखल असेल, पुसली तर परत आली. फाउंड्रीतल्या एका मित्राकडं नेऊन डीपी टेस्ट केली, म्हणजे लाल रंग मारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, स्वच्छ पुसायचं आणि वरनं पांढरी पावडर फवारायची, चीर असली तर आतला लाल रंग वर येतोय. आला. अर्धा पाईप चिरलेला. पाईप पातळ आणि करंट जास्त, त्यामुळं वेल्डच्या कडेला खड्डा पडलेला, वरनं घाईत ओल्या पोत्यानं गार केलेलं. भाचा पार पांढरा पडला, कारण त्याच्या आदल्याच दिवशी तो बायकोला मागं बसवून शेताच्या वाटेनंच उचगावच्या मळेकरणी देवीला जाऊन आलेला.

मग आम्ही त्यानं कापून फेकलेला मूळ तुकडा हुडकला (कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू लावलेला होता), पाईपच्या आत बसेल असा स्लग, म्हणजे आधाराचा तुकडा, लेथवर काढला, दोन्ही बाजूला भोकं पाडून प्लग वेल्ड, कडा व्ही घासून टिगनं जोडलं, परत डीपी केली, फ्रेम सपाट टेबलावर ठेवून मापं घेतली. लांबी पहिली होती तितकी. गाडीचं रूप आता बॉबरसारखं आहे ते स्प्रिंगच्या सीटमुळं, आखूड मडगार्डमुळं आणि हँडलमुळं. फ्रेम कंपनीची, इंजिन तेच, नंबर तेच, मागं पिलियनची गादी बोल्टवर ठेवली आहे कारण एकानं सांगितलं की आरसीवर दोन माणसं लिहिलीत आणि सीट एक असेल तर तो पण बदल धरतील.

आणि इथंच माझा मुद्दा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीनं दिलेलं जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी व्हायला नको. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आता मालकाला अशा एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही होऊ शकतंय. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करायला लागते, इंजिन बदलायचं तर परवानगी. माझा कायद्यावर राग नाही, ज्यानं भाच्याची ती चीर बघितली तो कायद्याच्याच बाजूनं बोलणार. इन्शुरन्सवाला पण गाडीत न सांगितलेले बदल दिसले की क्लेमला हात वर करतोय, ते वेगळंच. पण ही चीर पकडली कुणी? मी पकडली, मित्राच्या लाल रंगानं. सरकारात अशी एक खिडकी नाही जिथं मी गाडी घेऊन उभा राहीन आणि म्हणेन साहेब मी हे हे केलंय, फ्रेमचा जोड बघा, ब्रेक दाबून बघा, लाईट बघा, आवाज मोजा, पास तर पास लिहा, नापास तर घरी पाठवा. टेस्टिंगसाठी पुण्याला एआरएआय आहे पण ते गाड्या काढणाऱ्या कंपन्यांचं काम, पडवीत एक गाडी बांधणाऱ्याला तिथं कोण उभं करून घेणार. इंग्लंडात घरी बांधलेल्या एका मोटारसायकलला पण सरकारी स्टेशनात तपासून पास करायची पद्धत आहे, एमएसव्हीए म्हणतात तिला. जर्मनीत मोठे बदल केले तर टीयूव्हीसारख्या संस्थेचा इंजिनिअर तपासून कागदावर लिहून देतोय. तिकडं फटाके वाजवणाऱ्याला दंड आहेच, पण हातानं नीट काम करणाऱ्याला एक दार पण आहे. आपल्याकडं दोघांना एकच रोलर.

मी एका ऑफिसात विचारायला गेलो होतो, नाव नको. तिथल्या साहेबांनी ऐकून तरी घेतलं, मग खिडकीवरच्या माणसाकडं पाठवलं, तो म्हणाला "नाळे बर्री", म्हणजे कन्नडमध्ये उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर सर्व्हर नाही, नाळे बर्री. त्यात माझी अजून एक भानगड, गाडी एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची. मी राहतो बेळगाव-वेंगुर्ला रोडला शिनोळीच्या अलीकडं, म्हणजे कर्नाटकात, गाडीचे कागद महाराष्ट्रातले, मेव्हण्याच्या नावाचे, पंधरा वर्षांनी पाच वर्षं वाढवून घेतलेले आणि ते पण २०१२ ला संपलेले. आधी तिकडं रिन्यू करायचं, उशिराचे महिन्याला तीनशे, मग फॉर्म २८ वर एनओसी, मग इकडं नवीन नंबर, इकडचा टॅक्स. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नंबर बदलायला लागतोय हा नियम बेंगळुरूला नोकरीला गेलेल्याला ठीक आहे, पण आमच्या गावचा माणूस सकाळी दूध घालायला महाराष्ट्रात जातो आणि नाश्त्याला कर्नाटकात येतोय. इकडचा पोलीस नंबरप्लेट बघून थांबवतो, तिकडचा माझा पत्ता बघून. फॉर्म इकडं कन्नडमधनं, मला कन्नड बोलाय येतंय, बत्तीस वर्षं कंपनीत बोललोय, पण वाचाय बसलं की अडतंय, मग पोराच्या शाळेतल्या मित्राला बोलवायचं. सीमाप्रश्नाची केस २००४ पासनं सुप्रीम कोर्टात पडून आहे, माझ्या बुलेटचं पण तसंच होतंय काय असं मध्येमध्ये वाटतंय. हे कागद पूर्ण होईपर्यंत गाडी डांबरी रस्त्यावर नेलेली नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर हे पत्र वाचून कुणीतरी दारात यायचं.

मागायचं काय ते सरळ सांगतो. महिन्यातनं एक दिवस, फक्त एक, आरटीओच्या मैदानात घरी बांधलेल्या आणि दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्या तपासायला ठेवा. सोबत आयटीआयचा एक वेल्डिंगचा मास्तर बसवा, डीपीचा डबा काय लई महाग नसतोय. आवाज मोजायचं मशीन आणा. फी घ्या, हजार घ्या, दोन हजार घ्या. पोरं आपणहून येतील, आणि त्यांच्या गाड्यांत काय काय चिरलंय ते तुम्हाला तिथंच दिसेल, रस्त्यावर पडल्यावर दिसण्यापेक्षा बरं न्हवं का. कायदा बदलायला दिल्ली लागती, मला कळतंय, पण बघायला आणि सांगायला तर दिल्ली लागत नाही. आणि आपल्या पेपरनं पुढच्या वेळी बातमी देताना "कर्णकर्कश सायलेन्सर" एवढंच लिहावं, "मॉडिफाय गाड्या" असं सरसकट लिहू नये, कारण त्या दिवशी पेपर वाचून घरातली मला म्हणाली, "बघा, तुमचा बी फोटो यील आता."

जोडून झाल्यावर पहिल्यांदा गाडी चालू केली त्या दिवशी पडवीत पंधरा माणसं जमलेली. चावी लावली, हळू किक दाबत आणली, ॲमीटरचा काटा मध्ये आला की थांबायचं, कॉम्प्रेशनचं लिव्हर दाबून जरासं पुढं सरकवायचं, मग सोडून एकच किक. भाच्यानं हे सगळं ऐकलं आणि तशीच मारली. टायमिंग जरा ॲडव्हान्स राहिलेलं, किक उलटी आली, आठवडाभर लंगडत होता. पॉइंटचा गॅप परत लावला, टायमिंग मागं घेतलं, मग मी मारली. तिसऱ्याला लागली. तो आवाज म्हणजे, साहेब, कंपनीच्या सायलेन्सरमधनं येतोय तो, धप धप धप, शेजारची म्हातारी कट्ट्यावर बसलेली होती, ती म्हणाली, "आमच्या ह्यांची पण अशीच होती."

वार्ताहर पाठवणार असाल तर आधी निरोप द्या, मी गाडी पुसून ठेवतो. तिसऱ्या किकला लागते म्हटलंय खरं, पण लोकांसमोर पाच लागतात.

आपला,
एक जुना टर्नर आणि रोजचा वाचक
बेळगाव तालुका, पश्चिम भाग